बरा झालेला माणूस

जीप भरत आली होती. बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन माणसं मागे दाटीवाटीने बसली होती, कुणाच्या तरी पिशवीतून सुकटीचा वास सुटला होता, आणि डेपोच्या फाटकातून नाशिकची एसटी वळून जाईपर्यंत थांबायचं म्हणून गोरखचा हात किल्लीवर नुसताच पडून होता. तेवढ्यात त्याच्या मानेला बोट लागलं. डाव्या बाजूला, कानाच्या पाळीखाली. बोट थंड होतं, टोकाला खरखरीत, आणि लागून बाजूला झालं नाही. तिथंच राहिलं, किंचित दाबून, आंबा पिकलाय का बघताना दाबतात तसं.

"हितंच व्हती ना रं दादा, गाठ?" शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं.

त्या जागेला इतक्या महिन्यांत कुणी असा हात लावला नव्हता. डॉक्टरांचा लागायचा, पण तो रबरी मोज्यातून. त्याच्या बायकोचा, सुनिताचा हात मानेपर्यंत यायचा आणि खांद्याकडे वळायचा. तो स्वतः मात्र रोज अंघोळीच्या वेळी बोटं फिरवायचा, मानेवर, काखेत, जांघेत, आणि काही लागलं नाही की मगच पाणी डोक्यावर घ्यायचा. ही गोष्ट सुनितालाही ठाऊक नव्हती. आणि आता एक अनोळखी बाई भर डेपोसमोर तेच करत होती, आणि तिच्या बोटालाही काही लागत नाहीये ना, हे तो श्वास धरून ऐकत होता. मग तो झटकन मागे सरला. "व्हती," तो म्हणाला. "आता नाय." मागची माणसं बोलायची थांबली होती. आरशात बघितलं तर सगळे डोळे त्याच्या मानेवर. त्याने जीप सुरू केली.

बाईचं नाव रुपी. राहणारी जव्हारजवळच्या वांगणीची, मोखाड्याला भावाकडे चालली होती. एवढं तिने जव्हार सुटायच्या आत सांगून टाकलं आणि उरलेलं पुढच्या चढावर. तिच्या नवऱ्याला, बाबल्याला, तशीच गाठ. नाशिकला सलाईनी झाल्या, केस गेले, गाठ गेली, मग केस परत आले आणि मागोमाग गाठ परत आली. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, आता मुंबईला दाखवा. "तर तो म्हनतो, कुटं नाय जायाचं. दिवाळी झाली, समदा पाडा इटभट्टीवर गेला, आमी दोगं घरात. पोरगी आश्रमशाळंत हाय, प्रगती. ती इचारते, बाप कामाला का नाय गेला." रुपी समोर रस्त्याकडे बघत बोलत होती, आवाज न चढवता. "मंग भाऊ म्हनाला, जव्हारचा गोरख जीपवाला, त्याची इरघळली. मुंबईला नवीन औषद निगालंय. खरं का?"

"खरं," गोरख म्हणाला.

खरंच होतं, आणि अवघड होतं ते त्यामुळेच. दोन हिवाळ्यांपूर्वी मानेवर आलेली कॅन्सरची गाठ केमोच्या तीन प्रकारच्या सलाईनींना पुरून उरली होती. दर वेळी थोडी कमी जायची आणि आधीपेक्षा लवकर परतायची. मग मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात मंजुषा मॅडम भेटल्या. वयाने त्याच्याहून लहान असतील, केस घट्ट बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर न काढणाऱ्या. तुमच्याच रक्तातल्या पेशी काढून घ्यायच्या, त्या म्हणाल्या होत्या, प्रयोगशाळेत त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत तुमच्या अंगात सोडायच्या. हे अजून प्रयोगात आहे. काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. झालेला किती टिकेल ते आम्हालाही माहीत नाही. गोरखने यातलं पहिलं वाक्य ऐकलं होतं. पुढची वाक्यं कानावर पडली होती, पण इंजिनाच्या आवाजात मागच्या माणसांचं बोलणं पडतं तशी. होळीच्या आधी त्या पेशींची पिशवी आली. केवढीशी, हाताच्या पंजात मावेल एवढी, थंडीने वाफा सोडणारी. एवढ्याशा पाण्याने काय होणार, असं त्याला वाटलं होतं. मग ताप आला.

तापाबद्दल तो लोकांना सांगायचा. "चार दिस ताप व्हता, मंग उतरला." ऐकणारा मान डोलवायचा, ताप कुणाला येत नाही. पण त्या तापात काय होतं ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सुनिता काचेच्या दरवाजाबाहेर होती, तिला आत सोडत नव्हते. आत ते दोघे होते, तो आणि पलीकडच्या खाटेवरचा मंगेश. मंगेश लातूरकडचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला, सारखा बोलणारा. पिशवी त्याच आठवड्यात त्यालाही चढली होती. सकाळी नर्स दोघांना कागद देऊन म्हणायची, एक वाक्य लिहा. मेंदूवर परिणाम होतोय का ते कळायला. मंगेश रोज दुकानाची पाटी लिहायचा आणि हसायचा. एका सकाळी तो पेन धरून नुसता बसला. मग त्याने गोरखकडे बघितलं. त्या नजरेत ओळख नव्हती, भीतीही नव्हती. दार उघडं टाकून माणसं निघून गेलेल्या घरात बघावं तसं ते होतं. त्याला घेऊन गेले, आणि दुपारी दोन माणसांनी येऊन खाटेवरची गादी गुंडाळली. त्यानंतर गोरखचाही ताप चढला, आणि मधला काही काळ त्याला स्वतःचं नाव माहीत नव्हतं. नाव विसरला असं नव्हे. नाव नावाची गोष्ट असते हेच गेलं होतं. पांढरं छत होतं, आणि छताकडे बघणारं कुणीतरी होतं, आणि त्या कुणीतरीला जव्हार नव्हतं, सुनिता नव्हती, आई नव्हती. मग तो परत आला. पाडव्याला मानेवर हात फिरवला तर गाठ निम्मी झालेली. अक्षय्य तृतीयेला जागा सपाट.

मग तो बरा झालेला माणूस झाला. जव्हारमध्ये हे काम आपोआप त्याच्याकडे आलं. चहाच्या टपरीवर माणसं सरकून जागा द्यायची. कुणी नातेवाइकांचे रिपोर्ट घेऊन दारात यायचं, आणि तो रिपोर्टातलं काही कळत नसताना उजेडात धरून बघायचा. एकदा एका म्हाताऱ्याने त्याच्या पाया पडायचा प्रयत्न केला. गोरखने त्याला वर उचललं, पण उचलण्याआधी किंचित थांबला होता, आणि तेवढ्या थांबण्यात त्याला बरं वाटलं होतं. ते त्याला नंतर पुष्कळ दिवस खुपलं. त्याच सुमारास ती दुसरी गोष्ट सुरू झाली, जी सांगता येण्यासारखी नव्हती. जीप चालवताना, कुठल्याशा वळणावर गिअर बदलताना, त्याला वाटायचं की आपल्या अंगात कुणीतरी जागं आहे. त्या शिकवलेल्या पेशी. त्या त्याच्याच होत्या, पण बाहेर राहून आल्या होत्या, आणि आता रक्तातून हिंडत कशाच्या तरी वासावर होत्या. त्या हिंडतायत तोवर ठीक. त्या थकल्या तर? मॅडमना विचारायचं तो दर वेळी ठरवायचा आणि दर वेळी राहून जायचं.

मोखाडा आलं. माणसं उतरली, रुपी उतरली नाही. जीप रिकामी होईपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि मग म्हणाली, "त्यानं तुला बगितलं तर तो येईल. माझं ऐकत नाय. डाक्टरचंबी नाय."

गोरखला म्हणायचं होतं की तुझा तू विचार कर बाई, मी कोण सांगणारा. "पुढच्या सोमवारी माझी तपासणी हाय," तो म्हणाला. "घेऊन ये त्याला. संगं जाऊ."

बाबल्या आला तो कानटोपी घालून. गाठ कानटोपीखाली होती आणि एका बाजूने टोपी उचलली गेली होती. तिशी-पस्तिशीचा असेल, भट्टीवर विटा वाहून रुंद झालेले खांदे, पण त्या खांद्यांवर सदरा आता लोंबत होता. ठाण्याची एसटी विक्रमगड उतरून मनोरला येईपर्यंत तो फक्त गोरखकडे बघत होता. मनोरला बस थांबली, तिघांनी वडापाव घेतला, तर बाबल्या स्वतःचा हातात तसाच धरून गोरख कसा चावतो, कसा गिळतो ते बघत राहिला.

"तुला समदं खाता येतं?" त्याने विचारलं.

"येतं."

"दारू?"

"सोडली."

"पन पिता येते?"

"येईल की."

बाबल्याने मान हलवली आणि खायला सुरुवात केली. रुपी खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण गोरखला दिसलं, तिचे ओठ थरथरत होते. हसत होती की रडत, ते कळलं नाही. आज मी चांगला दिसलो पाहिजे, असं गोरखच्या मनात आलं, आणि त्याने उरलेला वडापाव मोठ्या घासांत संपवला.

इस्पितळात पहिल्या दिवशी गोरखचा स्कॅन झाला. हातात सुई टोचून काहीतरी सोडलं आणि एका लहान खोलीत खुर्चीवर बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. सोडलेलं साखरेचं औषध अंगभर पसरून जिथे भूक जास्त तिथे जमा होतं, आणि गाठीची भूक सगळ्यात मोठी, असं मागे तिथल्या मुलीने समजावलं होतं. तो डोळे मिटून बसला. मागच्या दोन्ही वेळी या खुर्चीत त्याला झोप लागली होती. या वेळी लागली नाही. कंबरेत मागे, मणक्याच्या आसपास, दुखणं नव्हे, नुसती जाणीव होती. जीप चालवून प्रत्येकाची कंबर भरते, असं तो गेले काही आठवडे स्वतःला सांगत आला होता. आत्ताही सांगत होता. पण आता ते सांगणं ऐकणारं आत कुणी उरलं नव्हतं. ती रात्र तिघांनी धर्मशाळेत काढली.

दुसऱ्या दिवशी मंजुषा मॅडमनी बाबल्याचे नाशिकचे रिपोर्ट नीट बघितले, गाठ हाताने तपासली आणि खुर्ची त्याच्या जवळ ओढली. रुपी मागे उभी, गोरख भिंतीला टेकून. बसायला सांगितलं तरी तो बसला नव्हता. मॅडम सावकाश बोलत होत्या. पेशी काढणं, शिकवणं, सोडणं. ताप. रक्तदाब उतरतो. काही जणांना काही दिवस भान राहत नाही. "आणि काही माणसं यातून वाचलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "थोडी. पण आहेत. आणि गाठ गेली तरी ती परत येऊ शकते. हे सगळं ऐकून, घरी विचार करून मग ठरवायचं. नाही म्हणालात तरी आमचा राग नाही, दुसरे उपचार करू. समजतंय ना?"

"व्हय," बाबल्या म्हणाला. तो मॅडमकडे बघत नव्हता. त्याची मान भिंतीकडे वळलेली होती आणि डोळे गोरखच्या छातीवर, हातांवर, गळ्यावर फिरत होते. "ह्याच्यासारकं करा."

"ह्यांच्यासारखंच होईल असं मी सांगू शकत नाही."

"मंग हा कसा हितं उबा हाय?"

मॅडमनी गोरखकडे बघितलं. बघितलं आणि नजर काढून घेतली, बाजूच्या कॉम्प्युटरकडे. पहिल्या भेटीपासून आजवर त्यांनी कधी त्याच्यावरून नजर काढून घेतली नव्हती. गोरखला एकदम खोलीतला पंखा ऐकू आला, बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं ते ऐकू आलं. त्याला कळलं. ज्या क्षणी कळतं त्या क्षणी भीती वाटत नाही, हे त्याला नवीन होतं. नुसते तळपाय हलके होतात. "तुम्ही दोघं जरा बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. "गोरखभाऊ, तुम्ही थांबा."

कॉम्प्युटरवर त्याचं अंग होतं, राखाडी, आरपार. मणक्याच्या बाजूला एक ठिपका पेटलेला. "लहान आहे," मॅडम म्हणाल्या. "तुकडा काढून तपासावा लागेल. पण मला वाटतं, परत आलीय."

"ते पुन्ना देता नाय येनार? पिशवी?"

"या ट्रायलमध्ये नाही. दुसरं काय देता येईल ते बघतेय मी. अजून एक औषध आहे, तेही नवीनच." त्या थांबल्या. "ते बाहेर बसलेत, त्यांना मी तुमच्याबद्दल काही सांगणार नाही. ते तुमचं आहे. सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा."

दार ओढून घेऊन तो पॅसेजमध्ये आला. लांबवर बाकांच्या रांगा, माणसं, पिशव्या, आणि एका बाकाच्या टोकाला ते दोघे. रुपी पेरू कापत होती. बाबल्याने कानटोपी काढून मांडीवर ठेवली होती. इथे आल्यापासून पहिल्यांदा. एवढ्या माणसांत त्याला गाठ उघडी टाकायला लाज वाटेनाशी झाली होती, कारण आता ती जाणार होती. गोरखच्या मनात दोन वाक्यं तयार झाली. एक, सगळं ठीक हाय म्हनाली बाई. ते सोपं होतं, आणि त्यात पापही नव्हतं, माणूस उपचाराला तयार होत होता. दुसरं खरं होतं, आणि ते ऐकून तो उठून गेला तर? वांगणीला घरात पडून राहील, पुढचं भात लावायला उरणार नाही, आणि रुपी म्हणेल, तुझ्या तोंडाने मारलंस त्याला. आणि तो राहिला, आणि आत मंगेशसारखा पेन धरून बसला, तर? तेव्हाही मारणारा आपणच. आपण कुठलंही वाक्य उचललं तरी त्याच्या खाली हा माणूस आहे, हे गोरखला दिसलं. हे कुणी त्याला विचारून सोपवलं नव्हतं. पण सोपवून घेतलं होतं त्यानेच, टपरीवर, दारात, त्या म्हाताऱ्याला वर उचलण्याआधी.

"काय म्हनली बाई?" रुपीने पेरूची फोड पुढे केली.

"परत आली," गोरख म्हणाला. "माझी. कंबरंत हाय."

फोड तिच्या हातात तशीच राहिली. मग तिने ती पिशवीत टाकली, सुरी टाकली, पदर खोचला आणि उभी राहिली. "चल," ती बाबल्याला म्हणाली. "घरला चल. ऊठ." बाबल्या उठला नाही. "तू मला सांगितलंस इरघळली," ती गोरखला म्हणाली. आवाज अजूनही चढला नव्हता. "मी तुज्या मानंला हात लावला. तू सांगितलंस, नाय आता."

"नव्हती तवा."

"चल रं," ती पुन्हा बाबल्याला म्हणाली आणि त्याचा दंड धरला. त्याने दंड सोडवून घेतला, हळूच, आणि बाकावर सरकून गोरखला जागा केली. आता तो गोरखच्या अंगाकडे बघत नव्हता, तोंडाकडे बघत होता.

"मदी किती येळ बरा गेला?"

"होळीपासून."

"जीप चालवलीस?"

"रोज."

"आन आत काय व्हतं? तापात?"

गोरखने सांगितलं. मंगेशचं सांगितलं, गादीचं सांगितलं, पांढऱ्या छताचं सांगितलं. सांगताना त्याला शब्द सापडत नव्हते. जे सापडले ते वाकडे होते. बाबल्याने घाई केली नाही. रुपी उभीच होती, पाठ करून, पण ऐकत होती.

"नाव पन नाय?" बाबल्याने विचारलं.

"काहीच नाय."

"भ्यालास?"

"तवा नाय. भ्यायाला कोनी नव्हतंच. नंतर. अजून भितो."

बाबल्याने कानटोपी बोटांनी चुरगाळली. "हे गावात सांगितलं असतंस तर मी आलोच नसतो," तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"बरं." तो उठला. रुपी त्याच्या पुढे होऊन जिन्याकडे चालायला लागली, पण तो उलट दिशेला, मॅडमच्या दाराकडे गेला. न वाजवता त्याने दार उघडलं. "बाई," त्याचा आवाज पॅसेजमध्ये आला, "मगाशी मी काय आयकलं नाय. तू पुन्ना सांग. पयल्यापासून."

दार अर्धवट उघडं राहिलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मॅडमनी पुन्हा सुरुवात केली, त्याच सावकाश आवाजात, आणि या वेळी मध्ये मध्ये बाबल्याचा आवाज येत होता. मेली ती मानसं कशानं मेली? बायकूला आत सोडाल का? मी वळखलं नाय तर तिला काय सांगाल? रुपी जिन्याच्या तोंडाशी थांबली होती. मग ती परत आली आणि गोरखपासून एक जागा सोडून बसली.

"तू सांगितलंस ते बरं केलंस असं मी म्हननार नाय," ती म्हणाली.

"नको म्हनू."

ती दाराकडे बघत होती, आतला प्रत्येक प्रश्न ऐकत. आत बाबल्या विचारायचा थांबला होता. मॅडम काही बोलत होत्या, आणि मग त्याही थांबल्या. त्या शांततेत सही होत होती की नकार, ते बाहेर कळायला मार्ग नव्हता. गोरखच्या खिशात मोबाईल वाजू लागला. सुनिता. स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी ती याच वेळेला फोन करायची, आणि तो दर वेळी पहिल्या रिंगलाच उचलून म्हणायचा, काय नाय, समदं ठीक. त्याने मोबाईल हातात घेतला. तो वाजत राहिला, बंद पडला, आणि लगेच पुन्हा वाजू लागला. तो उठला, खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि फोन कानाला लावला.

"हॅलो? काय हो, काय म्हनाल्या मॅडम?"

"सुनिता," तो म्हणाला. "कुटं हायेस तू? घरात? मंग आदी खाली बस."